कायद्याने ओढलेली रेषा

शाळेचे वर्ष संपले की पाठ्यपुस्तके गोळा करून कोठीत ठेवावयाची आणि पुढील वर्षी तीच नव्या मुलांच्या हाती द्यावयाची, अशी पद्धत अमेरिकेतील सरकारी शाळांत फार दिवसांपासून चालत आली आहे. कोठीत पडून राहिलेल्या पुस्तकाला वर्ण नसतो, कुळ नसते. तरीही त्या देशाच्या फ्लॉरिडा राज्यात एके काळी असा नियम होता की, गोऱ्या मुलांची पुस्तके आणि कृष्णवर्णीय मुलांची पुस्तके कोठीतसुद्धा वेगवेगळी ठेवली पाहिजेत. भूगोल तोच, नद्या त्याच, पर्वत तेच. पण पुस्तकाच्या दोन प्रती एका फळीवर शेजारी ठेवणे कायद्याला मान्य नव्हते.

पुस्तकांच्या वाट्याला हे आले, तर ती वाचणाऱ्या मुलांच्या वाट्याला काय आले असेल? आणि असा कायदा रद्द झाला, म्हणजे त्याचा परिणामही त्याच दिवशी नाहीसा होतो काय? पहिल्या प्रश्नापेक्षा हा दुसरा प्रश्न अवघड आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांना व त्यांच्या वंशजांना दोनशे वर्षांहून अधिक काळ गुलाम म्हणून राबविले जात असे. गुरांप्रमाणे त्यांची खरेदी-विक्री होई. चार वर्षांच्या घनघोर यादवी युद्धानंतर १८६५ साली ही गुलामगिरी कायद्याने संपली. त्या घटनेचे पडसाद महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. मुक्त झालेल्यांना नागरिकत्व मिळाले, मताचा अधिकार मिळाला. काही कृष्णवर्णीय पुरुष विधिमंडळांतही निवडून गेले.

परंतु हे दिवस फार टिकले नाहीत. १८७७ नंतर दक्षिणेकडील राज्यांवरील केंद्र सरकारचा लष्करी वचक संपला आणि गुलामांचे जुने धनी पुन्हा सत्तेवर आले. आता माणूस विकत घेता येत नव्हता; पण त्याला दूर ठेवता येत होते. एकामागून एक राज्ये कायदे करू लागली. आगगाडीचे डबे वेगळे, शाळा वेगळ्या, रुग्णालये वेगळी, स्मशानभूमीही वेगळ्या. एकाच समाजातील माणसांची वर्णावरून केलेली ही सक्तीची विभागणी होती.

या विभागणीला न्यायालयात आव्हान देण्याचा पहिला मोठा प्रयत्न न्यू ऑर्लिन्स नगरातील काही नागरिकांनी केला. होमर प्लेसी नावाचा एक पादत्राणे बनविणारा कारागीर ७ जून १८९२ रोजी तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला. त्याच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी सात गोरे होते. केवळ एकाच्या रक्ताने तो कृष्णवर्णीय ठरत होता. दिसावयास तो गोराच होता. आपण कोण आहोत हे त्याने आपण होऊन सांगितले, तेव्हाच त्याला अटक करता आली! ही सारी योजना आधीपासून ठरलेली होती. वर्ण डोळ्यांना दिसत नसेल, तर कायदा तो कोठे शोधणार, हाच प्रश्न त्या नागरिकांना न्यायासनापुढे मांडावयाचा होता.

१८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसीच्या विरुद्ध निकाल दिला. दोन्ही वर्णांच्या सोयी समान असतील, तर त्या वेगळ्या असण्याने कोणाचाही अपमान होत नाही, असे सात न्यायमूर्तींचे म्हणणे पडले. एकटे न्यायमूर्ती जॉन हार्लन त्यांच्याशी सहमत झाले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या घराण्याने एके काळी गुलाम बाळगले होते. गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांच्या डब्यात जाऊ नये म्हणून हा कायदा केलेला नाही, कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांच्या डब्यात येऊ नये म्हणून तो केला आहे आणि ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, असे त्यांनी निर्भीडपणे लिहून ठेवले. पण निकाल बहुमताने होतो. 'वेगळे, पण समान' हे तत्त्व त्या दिवसापासून साऱ्या देशात रूढ झाले.

ते आचरणात कसे आले? पाण्याचे नळ दोन झाले. एकावर 'गोरे' आणि दुसऱ्यावर 'रंगीत' अशी पाटी लागली. स्थानकांवर दोन प्रतीक्षागृहे आली. काही न्यायालयांत साक्षीदाराने शपथ घेण्यासाठी हातात धरावयाचे बायबलही दोन असत. सत्य एकच, पण त्याला साक्ष ठेवण्याचे ग्रंथ दोन! ज्या महाराष्ट्रात १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, तेथील वाचकाला या पाट्यांचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र पाठविले आणि तेथील कृष्णवर्णीयांची व येथील अस्पृश्यांची स्थिती किती मिळतीजुळती आहे, याचा त्यात उल्लेख केला.

'वेगळे' हा शब्द सर्वत्र कसोशीने पाळला गेला. 'समान' हा शब्द मात्र कागदावरच राहिला. साउथ कॅरोलायना राज्यातील क्लॅरेंडन परगण्यात १९४९-५० साली सरकार प्रत्येक गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च करी आणि प्रत्येक कृष्णवर्णीय मुलामागे ४३ डॉलर.

या आकड्यांचा अर्थ एका शाळेच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड परगण्यात फार्मव्हिल नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे कृष्णवर्णीयांसाठी मोटन विद्यालय नावाची एक माध्यमिक शाळा होती. शाळेची इमारत १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेली. पण १९५१ साली तीत साडेचारशेहून अधिक विद्यार्थी शिकत होते. नवी इमारत बांधण्याऐवजी अधिकाऱ्यांनी आवारात लाकडी खोपटी उभारून त्यांवर डांबरी कागद ठोकला होता. पाऊस आला की ती गळत. मुले वर्गात छत्र्या उघडून बसत. हिवाळ्यात शेगडीजवळचे मूल घामाघूम होई, तर दाराजवळचे मूल कोट घालूनही कुडकुडे. प्रयोगशाळा नव्हती, व्यायामशाळा नव्हती. गोऱ्यांच्या शाळेत या सोयी होत्या आणि तेथे वापरून जुनी झालेली पुस्तके मोटनच्या मुलांकडे येत.

बार्बरा जॉन्स ही सोळा वर्षांची मुलगी त्या शाळेत शिकत होती. एके दिवशी सकाळी तिची बस चुकली. ती रस्त्याच्या कडेला उभी असता गोऱ्या मुलांची बस तिच्या समोरून निघून गेली. ती अर्धी रिकामी होती. त्याच दिवशी आपण काहीतरी करावयाचे असा तिने निश्चय केला, असे तिने पुढे लिहिले आहे.

तिने जे केले त्यात धाडस होते, तशीच थोडी खोडीही होती. २३ एप्रिल १९५१ रोजी मुख्याध्यापकांना एक खोटा दूरध्वनी आला की, तुमच्या शाळेची काही मुले बसच्या स्थानकावर संकटात सापडली आहेत. ते धावत तिकडे गेले. इकडे त्यांच्या सहीची म्हणून एक चिठ्ठी प्रत्येक वर्गात फिरली आणि सारे विद्यार्थी सभागृहात जमले. पडदा सरकला, तो व्यासपीठावर बार्बरा उभी! तिने शिक्षकांना नम्रपणे बाहेर जाण्याची विनंती केली आणि चांगली शाळा मिळेपर्यंत कोणीही वर्गात जाऊ नये, असे आवाहन केले. सारी शाळा तिच्यामागून बाहेर पडली. हा संप दोन आठवडे चालला. मुख्याध्यापकांना मुद्दाम दूर पाठविले होते ते त्यांची नोकरी वाचावी म्हणून, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तरीसुद्धा त्यांची नोकरी गेलीच.

मुलांना हवी होती चांगली इमारत. त्यांच्या हाकेला धावून आलेल्या वकिलांनी मात्र त्यांना सांगितले की, खटला लढवावयाचा असेल तर चांगल्या वेगळ्या शाळेसाठी नव्हे, वेगळेपणच नष्ट करण्यासाठी लढवू. मुले व त्यांचे पालक याला तयार झाले. ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. बार्बराच्या जिवाला धोका आहे असे वाटल्याने तिला दुसऱ्या राज्यात तिच्या काकांकडे पाठवून द्यावे लागले.

फार्मव्हिलचा दावा आणि अशाच प्रकारचे आणखी चार दावे सर्वोच्च न्यायालयापुढे एकत्र आले. त्यांत केनेथ क्लार्क व मॅमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींच्या प्रयोगांचाही आधार घेण्यात आला होता. हे प्रयोग दिसावयास अगदी साधे होते. तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे चार बाहुल्या ठेवल्या. दोन गोऱ्या, दोन सावळ्या. कोणती बाहुली छान आहे? कोणती वाईट आहे? बहुसंख्य मुलांनी छान म्हणून गोरी बाहुली उचलली आणि वाईट म्हणून सावळीकडे बोट दाखविले. शेवटी विचारले, यांपैकी तुझ्यासारखी कोणती? तेव्हा काही मुले रडू लागली. नळावरची पाटी नळापाशीच थांबत नाही, ती मुलाच्या मनात जाऊन बसते, हे त्या बाहुल्यांनी दाखवून दिले.

१७ मे १९५४ रोजी न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की, शाळांमधील वेगळेपण हे मुळातच असमान आहे. हार्लन यांचे एकाकी मत ५८ वर्षांनी देशाचे मत झाले. पुढील वर्षी न्यायालयाने या निकालाची अंमलबजावणी 'विचारपूर्वक त्वरेने' करावी असे सांगितले. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर यात एक विशेषण आहे आणि एक नाम आहे. विरोधकांनी विशेषण तेवढे उचलले आणि नाम सोडून दिले.

त्या वर्षांत मोठमोठे प्रसंग घडले. १९५७ साली लिटल रॉक येथे नऊ विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचविण्यासाठी राष्ट्राध्यक्षांना सैन्य पाठवावे लागले. रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्याविषयी तर तुम्ही वाचले असेलच. परंतु फार्मव्हिलला जे घडले ते त्या मानाने फार थोड्यांना माहीत आहे.

प्रिन्स एडवर्ड परगण्यातील अधिकाऱ्यांपुढे १९५९ साली दोनच मार्ग उरले होते. गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांना एका वर्गात बसवावयाचे, किंवा न्यायालयाची अवज्ञा करावयाची. त्यांनी तिसराच मार्ग काढला. सरकारी शाळांसाठी पैसा देण्याचेच त्यांनी नाकारले आणि परगण्यातील सगळ्या सरकारी शाळांना कुलपे लागली. शाळाच नाही, तर एकत्र बसण्याचा प्रश्नच नाही! गोऱ्यांनी आपल्या मुलांसाठी खासगी शाळा काढली व तिला काही काळ सरकारी अनुदानाचा आधारही मिळाला. कृष्णवर्णीय मुलांना मात्र काहीच उरले नाही. या टाळेबंदीच्या सहा वर्षे आधी, १९५३ साली, त्यांच्यासाठी एक नवी कोरी इमारत बांधण्यात आली होती. आता तिलाही कुलूप लागले.

ही कुलपे १९६४ पर्यंत निघाली नाहीत. या पाच वर्षांत दीड हजाराहून अधिक मुले शाळेवाचून राहिली. काहींना आईबापांनी दूरच्या नातेवाइकांकडे ठेवले. काही अनोळखी, दयाळू कुटुंबांत दुसऱ्या राज्यांत जाऊन राहिली. चर्चच्या तळघरांत कोणी चार अक्षरे शिकवी. पुष्कळ मुले शेतावर कामाला लागली. खासगी शाळेचा खर्च न झेपणारी काही गरीब गोरी मुलेही घरीच बसली. १९६३-६४ या शेवटच्या वर्षी देणग्यांतून तात्पुरत्या मोफत शाळा सुरू झाल्या. अखेर सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळा उघडण्यास भाग पाडले. पण १९५९ साली बारा वर्षांचा असलेला मुलगा आता सतरा वर्षांचा झाला होता. सहावीच्या बाकावर तो कसा बसणार?

याच १९६४ साली देशात नागरी हक्कांचा मोठा कायदा झाला आणि नळांवरच्या व प्रतीक्षागृहांवरच्या पाट्या बेकायदा ठरल्या. पाटी काढण्यास एक हातोडी पुरते. काही रेषा मात्र पाट्यांपेक्षा खोल गेल्या होत्या. त्या समजण्यासाठी खेड्यातून शहरात आणि शाळेतून घराकडे वळले पाहिजे.

अमेरिकेत सामान्य कुटुंब कर्ज काढून घर घेते आणि वीस-तीस वर्षे ते फेडते. १९३३ साली, मंदीच्या काळात, केंद्र सरकारने गृहकर्जांसाठी एक संस्था स्थापन केली. त्या संस्थेने दोनशेहून अधिक नगरांचे नकाशे तयार करून प्रत्येक वस्तीला रंग दिला. उत्तम वस्ती हिरवी, त्याखालची निळी, उतरती पिवळी आणि कर्ज देण्यास धोक्याची ती तांबडी. तांबड्या भागांत गरीब गोरेही राहत. परंतु कृष्णवर्णीयांची वस्ती असली की बहुधा तांबडाच रंग पडे. १९३४ साली आलेल्या दुसऱ्या सरकारी संस्थेचे नियम तर अधिकच स्पष्ट होते. कर्ज बुडाल्यास भरपाईची हमी ही संस्था देई. पण भिन्न वर्णांचे लोक शेजारी राहू लागले तर घरांची किंमत उतरते, असे तिचे ठाम मत होते. कित्येक खरेदीखतांत तर हे घर पुढे कृष्णवर्णीयास विकू नये, अशी अटच लिहिलेली असे.

डेट्रॉइट नगरात या धोरणाचे एक दृश्य स्मारक आजही उभे आहे. एका कृष्णवर्णीय वस्तीला लागून एका बांधकाम व्यावसायिकाला गोऱ्यांसाठी घरे बांधावयाची होती. शेजार पाहून सरकारी संस्थेने हमी नाकारली. तेव्हा त्याने १९४१ साली दोन्ही वस्त्यांच्या मध्ये सहा फूट उंच व सुमारे अर्धा मैल लांब अशी काँक्रीटची भिंत घातली. आणि हमी मिळाली! सहा फुटांची भिंत कोणाला अडवू शकत नाही, कोणतेही चपळ मूल ती चढून जाईल. तिचे काम माणसांना अडविण्याचे नव्हतेच. पैशाला अडविण्याचे होते. आज भिंतीच्या दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय कुटुंबे राहतात आणि तिच्या काही भागावर रंगीत चित्रे काढलेली आहेत.

घरांच्या बाबतीत असा भेद करण्यास १९६८ साली कायद्याने बंदी घातली. पण तोपर्यंत तीन दशके लोटली होती. हिरव्या भागातील कुटुंबाचे कर्ज फिटले, घराची किंमत वाढली, ते घर मुलांना मिळाले, त्याच्या आधारावर नातवंडे महाविद्यालयात गेली. तांबड्या भागातील कुटुंबाने तितकेच भाडे भरले असेल; पण भाड्याच्या पावत्या कोणी वारसाने देत नाही. देशातील सर्व कुटुंबे संपत्तीच्या क्रमाने एका ओळीत उभी केली, असे समजा. २०२२ साली गोऱ्यांच्या ओळीत अगदी मध्यावर उभ्या असलेल्या कुटुंबाजवळ सुमारे २,८५,००० डॉलरची संपत्ती होती. कृष्णवर्णीयांच्या ओळीतील मधल्या कुटुंबाजवळ सुमारे ४५,००० डॉलरची.

येथून रेषा पुन्हा शाळेकडे वळते. अमेरिकेतील शाळांचा बराचसा खर्च स्थानिक करांतून, विशेषतः घरांवरील करांतून चालतो. घरे स्वस्त, तर कर थोडा. कर थोडा, तर शाळेजवळ पैसा कमी. डेट्रॉइटमधील शाळा आणि तिच्या भोवतालच्या गोऱ्या उपनगरांतील शाळा यांची मुले एकत्र करावीत, असा आदेश एका न्यायाधीशाने दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला. उपनगरांनी स्वतः कायद्याने भेद केल्याचे सिद्ध झालेले नाही, असे त्याचे कारण. कोणाचाही कायदा नाही, कोणाचीही पाटी नाही आणि तरी मुले वेगळीच. या अवस्थेविरुद्ध तक्रार कोणावर करावी, हे सांगणे फार कठीण होऊन बसले.

ही रेषा हवेतसुद्धा उमटलेली आढळते. १०८ नगरांच्या एका पाहणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. जुन्या नकाशांतील तांबड्या वस्त्यांत जमिनीचे तापमान इतर वस्त्यांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने अधिक निघाले. कारण साधे आहे. जेथे पैसा गेला तेथे बागा झाल्या, झाडे लागली. जेथे तो गेला नाही तेथे डांबर आणि काँक्रीट राहिले. झाड लावले तर त्याची सावली पडावयास वीस वर्षे लागतात, आणि न लावलेल्या झाडाची उणीवही तितकीच वर्षे टिकते.

फार्मव्हिलच्या मोटन विद्यालयाच्या जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे. बार्बरा जॉन्स पुढे फिलाडेल्फियात शाळेतील ग्रंथपाल झाली; १९९१ साली ती वारली. ज्यांची पाच वर्षे बुडाली त्यांच्यापैकी पुष्कळांनी आयुष्यभर हातांनी काम केले. अर्ज भरावयाचा झाला की त्यांना कोणाची तरी मदत घ्यावी लागे. २००३ साली परगण्याने त्यांना सन्मानार्थ शालान्त प्रमाणपत्रे दिली. प्रमाणपत्र घरी आले. वाचन मात्र त्याबरोबर आले नाही. दुसऱ्या वर्षी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने शाळाबंदीमुळे ज्यांचे शिक्षण खुंटले त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती सुरू केली. शालेय परीक्षेपासून पदवीपर्यंत कोणत्याही शिक्षणासाठी ती घेता येत असे. १९५९ साली जी मुलगी पहिलीत बसण्यासाठी नवे दप्तर घेऊन तयार झाली असेल, ती आता एक्कावन्न-बावन्न वर्षांची होती. अशा वयाच्या स्त्रिया व पुरुष संध्याकाळी काम आटोपून, वही घेऊन, पुन्हा वर्गात जाऊन बसू लागले.